येथे भरणा स्वीकारला जात नाही

माझे आणि इतिहासाचे संबंध दहावीच्या परीक्षेनंतर संपले, आणि तेही उभयपक्षी संमतीनं. सनावळ्या माझ्या डोक्यात राहत नसत आणि मी इतिहासाच्या तासाला राहत नसे. पुढं बी. कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. बँकेतल्या माणसाला लढाया ठाऊक असतात त्या दोनच. एक ट्रायल बॅलन्सची आणि दुसरी बदलीच्या ऑर्डरची. पहिलीत माणूस रात्री नऊपर्यंत लढून जिंकतो. दुसरीत तो न लढताच हरतो.

अशीच दुसऱ्या जातीची एक लढाई हरून मी काही वर्षांपूर्वी परांड्याला आलो.

"परांडा? तिथं काय आहे?" हिनं विचारलं.

"किल्ला आहे."

"तो तुम्ही चढणार? आपल्याच जिन्याच्या तिसऱ्या वळणावर तुम्हाला पाणी लागतं!"

मी तिला समजावून सांगितलं, की परांड्याचा किल्ला भुईकोट आहे. भुईकोट किल्ला चढायचा नसतो. सपाटीवरून चालत जायचं, दरवाज्यातून आत शिरायचं, आणि वाटलं तर सावलीत बसायचं. महाराष्ट्रात किल्ले शेकड्यांनी आहेत. पण हा प्रकार खास कारकुनांसाठी काढला असावा असं माझं मत आहे.

तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. २०२३ साली ते सरकारी कागदावर धाराशिव झालं. एसटीतली म्हातारी माणसं आधीपासून धाराशिवचंच तिकीट मागायची आणि कंडक्टर बिनबोभाट द्यायचा. माझ्या सर्व्हिस बुकात मात्र अजून जुनंच नाव आहे. ते बदलायचं तर अर्ज तीन प्रतींत करावा लागेल म्हणून मी गप्प आहे.

आमच्या शाखेत एक पेन्शनर गुरुजी येत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घ्यायला ते हजर. आमचं पासबुक छापायचं मशीन वर्षातून अकरा महिने रुसलेलं असायचं. मशीन बंद पडलं की गुरुजी सुरू होत. त्यामुळं परांड्याचा इतिहास मला मशीनच्या कृपेनं, हप्त्याहप्त्यानं आणि बिनव्याजी मिळाला.

"तुमच्या भाषेत सांगू का?" गुरुजी म्हणत. "आमचं गाव एकेकाळी हेड ऑफिस होतं."

गोष्ट खरी आहे. किल्ला मूळ बहमनी अमदानीतला. तो महमूद गावानाच्या काळात बांधला गेला असं सांगतात. या गावान वजिराला त्याच्याच सुलतानानं १४८१ साली खोट्या पत्रावरून ठार मारलं, म्हणजे बनावट सहीची प्रकरणं काही आमच्याच खात्यानं सुरू केलेली नाहीत. बहमनी मोडली, किल्ला निजामशाहीकडं आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं. आता हेड ऑफिसच गेल्यावर बँक बुडायची. पण मलिक अंबर नावाचा एक माणूस होता. त्यानं निजामशाही घराण्यातला मूर्तझा शोधून काढला, गादीवर बसवला आणि कारभार थाटला तो परांड्यात! एका शाखेला एका रात्रीत हेड ऑफिसचा दर्जा मिळाल्याचं हे उदाहरण मी पुढं आमच्या मॅनेजरसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी, "मग तेव्हा स्टाफ वाढवून दिला होता का?" एवढंच विचारलं.

याच किल्ल्यात मुलुखमैदान तोफ होती. आपण बडबड्या माणसाला मुलुखमैदान म्हणतो, ती मूळची. १५४९ साली अहमदनगरला रूमी खानानं ती ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन. तोंडाशी सिंहाचा जबडा, आणि त्या जबड्यात हत्ती. ही तोफ अहमदनगरहून परांड्याला आली आणि १६३२ साली आदिलशाहीनं ती विजापूरला नेली. दहा हत्ती आणि चारशे बैल लावून नेली, असं सांगतात. आमची बदली झाली की एक टेम्पो आणि दोन हमाल. तरी ट्रॅव्हलिंग बिलावर चार महिने आक्षेप निघतात. चारशे बैलांचं बिल कोणी पास केलं असेल, या विचारानं माझी एक रात्र झोप गेली होती.

तोफेची पुढची कथा तर आमच्या स्क्रॅप कमिटीच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. १८५४ साली इंग्रजी अंमलात विजापुरातल्या निरुपयोगी वस्तूंचा लिलाव निघाला. त्यात मुलुखमैदानही आली. बोली किती? दीडशे रुपये! पंचावन्न टनांना दीडशे. कुणातरी शहाण्या अधिकाऱ्याला वाटलं, ही बोली फार कमी आहे. लिलाव रद्द झाला आणि तोफ वाचली. लक्षात घ्या, ती कुणाच्या इतिहासप्रेमामुळं वाचली नाही, भाव पडला म्हणून वाचली. वस्तू निरुपयोगी ठरली की तिचं काय करायचं, हा प्रश्न आला की मला हे दीडशे रुपये आठवतात.

पण मी सांगणार आहे ते तोफेबद्दल नाही. ते आहे खंदकाबद्दल.

त्याचं असं झालं. धाराशिव जिल्हा म्हणजे उस्मानाबादी शेळीचं माहेर. काळी कुळकुळीत, चपळ, आणि पुष्कळदा जुळी देणारी. आमच्या शाखेनं शेळ्यांसाठी पुष्कळ कर्जं दिलेली. दहा शेळ्या आणि एक बोकड असा एक गट. कर्ज दिलं, की शेळ्या प्रत्यक्ष आहेत का हे जाऊन मोजायचं. एकदा फील्ड ऑफिसर रजेवर गेले आणि मॅनेजरसाहेबांची नजर माझ्यावर पडली.

"तुम्ही जाऊन या. अकरा डोकी मोजायची. कॉमर्सचे ना तुम्ही?"

मी आमच्या शिपाईमामांना बरोबर घेतलं आणि पत्त्यावर गेलो. दारात कर्जदार मावशी भाकरी थापत बसल्या होत्या.

"शेळ्या कुठायत मावशी?"

"खंदकात हायत की सायब."

माझ्या पोटात गोळा आला. कर्ज बुडालं हे सांगायची या भागातली ही रीत असावी असं मला वाटलं. मामा हसले. म्हणाले, "चला, दावतो." आणि खरोखरच मला किल्ल्याच्या खंदकात उतरवलं.

तोपर्यंत मी किल्ला रस्त्यावरून पाहिला होता. सव्वीस बुरूज आहेत म्हणतात. मला रस्त्यावरून जेवढे दिसत तेवढे पुरत. पण त्या दिवशी तळाशी उभा राहिलो, मान वर केली, आणि टोपी पडली. वरून बेताचा वाटणारा तट खालून एकदम दुप्पट झाला होता. समोर दगड, वर दगड, आणि त्याच्यावर आभाळाची एक चिंधी. मी हातात कर्जाचं रजिस्टर घेतलेला, सुटलेल्या पोटाचा एक कारकून. पण क्षणभर मला कळलं, की इथं शिडी घेऊन धावणाऱ्या शिपायाला काय वाटत असेल. किल्ल्याची निम्मी उंची ही तटाची नव्हतीच. ती खंदकाच्या खोलीची होती.

शेळ्या मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा नऊ भरल्या, दुसऱ्यांदा बारा. नोटांची बंडलं मोजताना एक सोय असते, नोटा उड्या मारत नाहीत. शेवटी मावशी वरून ओरडल्या, "सायब, तुमी नोटा मोजा, शेळ्या म्या मोजते!" त्यांनी ओठांनी एक आवाज काढला, आणि अकराच्या अकरा कानांत बिल्ले घालून ओळीत आल्या. मी रिपोर्ट लिहिला : 'तारण सुस्थितीत. ठिकाण : खंदक.' हेड ऑफिसनं त्यावर खुलासा मागवला, तो वेगळा.

महिनाअखेरीस गुरुजी आले. मी विचारलं, "गुरुजी, खंदक म्हणजे नुसता खड्डाच ना?"

गुरुजींनी पासबुक बाजूला ठेवलं. म्हणाले, "कॉमर्सचे असून असं विचारता? अहो, ही तर तुमची डबल एंट्री!"

आणि त्यांनी मला कौटिल्य सांगितला. अर्थशास्त्रात दुर्ग कसा बांधावा हे दिलंय. भोवती तीन खंदक. रुंदी चौदा, बारा आणि दहा दंड. दंड सहा फुटांचा धरला तर बाहेरचा एकटाच चौऱ्याऐंशी फूट झाला. कडा दगडाविटांनी बांधलेल्या, आत पाणी, पाण्यात कमळं आणि मगरी. म्हणजे शोभा आणि शिस्त दोन्ही. आणि खणून निघालेल्या मातीचं काय करायचं? तिचाच तट! खंदक नावे, तट जमा. जेवढं खाली गेलात तेवढं वर आलात. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. मी सर्द झालो. पंचवीस वर्षं मी ज्या तत्त्वावर मान मोडून बसलोय, ते माझ्याआधी दोन हजार वर्षं कोणीतरी कुदळीनं मांडून ठेवलं होतं, आणि त्याच्याकडं कॅल्क्युलेटरही नव्हता.

"आता बघा," गुरुजी म्हणाले, "तटाचा दगड पडला तर आवाज होतो. लोक जमतात, फोटो निघतो. खंदक बुजतो तेव्हा आवाज होत नाही. पण एका बाजूची एंट्री खोडली, तर दुसरी खरी राहील का?"

पुढच्या महिन्यात त्यांनी मला १६३४ सालचा वेढा सांगितला. किल्ला तेव्हा आदिलशाहीकडं होता. शहाजहानचा मुलगा शहा शुजा, वय सतरा-अठरा, आणि त्याच्याबरोबर महाबतखानासारखा जुना मुरलेला सरदार असा मोठा लवाजमा परांड्यावर आला. वेढ्याची रीत ठरलेली असे : सुरुंग लावायचे, आणि मातीची पोती, झाडं, गवत टाकून खंदक बुजवत तटाशी जायचं. महिनोन्‌महिने हा उद्योग चालला. पण सरदारांचं आपसात जमेना, आसपासची वैरण संपली, आणि पावसाळा तोंडावर आला. फौज वेढा उठवून बुऱ्हाणपूरकडं परत फिरली. महाबतखान त्याच वर्षी वारला. पुढं १६६० साली किल्ला मोगलांना मिळाला, तेव्हाही तो किल्लेदारानं स्वाधीन केला म्हणून. म्हणजे मोगली फौजेचा दाखला आहे, की परांड्याचा खंदक भरून काढणं सोपं काम नाही.

आणि आता माझा कबुलीजबाब.

दिवाळीची साफसफाई निघाली. हिनं माळ्यावरून एक पोतं भरलं. त्यात फाटकी गादी, तडा गेलेली लोणच्याची बरणी, कुकरच्या तीन रिंगा, आमच्या लग्नातला एक टेबल लॅम्प (आहेर, कधीच लागला नाही), आणि गेल्या नऊ वर्षांची बँकेची कॅलेंडरं. "हे टाकून या," असा हुकूम झाला. कुठं टाकायचं, हा हुकमाचा भाग नव्हता. नवरा नावाच्या प्राण्याला जेवढ्या गोष्टी आपोआप कळायला हव्यात, त्यांत ही एक असते.

मी शोध घेतला. रस्त्यावर टाकावं तर लोक बघतात. शेजाऱ्याच्या कोपऱ्यात टाकावं तर शेजारी बघतो. मग सुचलं, खंदक! खोल आहे, अंधारा आहे, कुणाचाच नाही. रात्री साडेनवाला स्कूटरच्या पुढं पोतं घेऊन निघालो. कडेशी उभा राहिलो. पोतं उचललं. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला :

"सायब, हितं भरणा घेत न्हाईत."

शिपाईमामा! दुपारी काउंटर बंद झाल्यावर कोणी पैसे भरायला आला, की ज्या शांतपणे, ज्या ठाम आणि किंचित दुःखी आवाजात मामा त्याला परत पाठवत, तोच आवाज. मी पोतं हातात धरून उभा. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणालो, "मामा, एकाच पोत्यानं काय होतंय?"

"त्येच हो," मामा म्हणाले. "परत्येकाचं येकच असतंय."

मी आजवर पुष्कळ ऑडिट रिपोर्ट वाचले. इतकं नेमकं वाक्य एकातही नव्हतं. शहाजहानच्या शहाजाद्यानं पगारी फौज लावून जे काम अर्धवट सोडलं, ते मी फुकट, स्वतःच्या पेट्रोलवर आणि रात्रपाळीत पुरं करायला आलो होतो. पोतं परत स्कूटरवर चढवलं आणि घरी आलो.

"हे परत कसं?" हिनं विचारलं.

"भरणा नाकारला," मी म्हणालो.

त्या रात्रीनंतर माझी आणि खंदकाची मैत्री जमली. मी वाचू लागलो. माणसानं गुन्हा करायचं टाळलं की तो विद्वान होतो की काय कोण जाणे, पण माझं तसं झालं. वाचता वाचता कळलं, की खंदक हा जगभरचा आजार आहे. इंग्लंडात भोवती खंदक खणलेली जुनी घरं, वाडे मिळून सुमारे सहा हजार जागा सापडल्या आहेत. बहुतेक १२५० ते १३५० या शंभर वर्षांतल्या. शत्रू दारात उभा होता म्हणून त्या खणल्या का? सगळ्याच नाही. पुष्कळ ठिकाणी कारण अगदी आपल्यातलं निघतं. सरदाराच्या वाड्याभोवती खंदक आहे, मग मधल्या जमीनदारानं खणला. त्यानं खणला, मग खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यानंही खणला. आपल्याकडं समोरच्यानं गच्चीवर पत्रा टाकला की आपण टाकतो, तसं. सातशे वर्षांपूर्वी तिकडंही कुणी बायको नवऱ्याला म्हणाली असेल, "त्यांच्याकडं खंदक आला, आपल्याकडं कधी येणार?" आणि तो बिचारा फावडं शोधायला गेला असेल.

आज त्यांतल्या बऱ्याच जागा तिथल्या कायद्यानं जपल्या आहेत. घर केव्हाच पडलेलं असतं. उरलेला असतो तो चौकोनी खळगा, त्यात थोडं पाणी आणि बदकं. आणि त्या खळग्याला कुणी हात लावायचा नाही! मला आधी हसू आलं. मग कारण कळलं आणि हसू गेलं. जिथं पाणी सतत साचून राहतं, तिथल्या चिखलात हवा शिरत नाही आणि वस्तू कुजत नाहीत. लाकूड, चामडं, बी-बियाणं, जोडे, सगळं जसंच्या तसं थरावर थर बसतं. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. म्हणजे हे लेजरच की! राजानं काय लिहवून घेतलं ते शिलालेखात असतं. पण माणसं काय खात होती, काय टाकत होती, कुठलं झाड लावत होती, त्याच्या नोंदी खंदकात.

तेव्हा मला दुसरा धोका उमगला. खंदक भरणं वाईट, हे मामांनी शिकवलं होतं. पण खंदक उपसणंही तितकंच वाईट असू शकतं. एखाद्या उत्साही माणसानं पुण्य म्हणून जेसीबी लावला आणि दोन दिवसांत गाळ काढून शेतात पसरला, की चारशे वर्षांची वही फाडून पुड्या बांधल्यासारखंच. कचरा काढायचा तो हातानं आणि वरवरचा. झुडपं तोडायची ती मुळं न उपटता. आणि खोल जायचं तर माहितगार माणसं उभी करून, वहीत नोंदी घेत. थोडक्यात, या खात्यात भरणाही नाही आणि उचलही नाही.

अशा खात्यांना आमच्यात निष्क्रिय खाती म्हणतात. दहा वर्षं ठेवीकडं कोणी फिरकलं नाही, तर २०१४ पासून ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण, आणि हा 'पण' फार मोलाचा आहे, मालकी बुडत नाही. खरा वारस केव्हाही कागदपत्रं घेऊन आला, तर त्याला ती द्यावीच लागते. खंदक हे तसलं खातं आहे. फरक इतकाच, की वारस अजून जन्माला यायचे आहेत, आणि तोवर काउंटरवर आपण बसलोय.

सरकारनं यासाठी कायदे केले नाहीत असं नाही. लॉर्ड कर्झननं १९०४ साली प्राचीन स्मारकांचा कायदा आणला. आपला हा भाग १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात. तिथंही १९१४ साली पुरातत्त्व खातं निघालं आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. पुढं १९५८ साली केंद्राचा नवा कायदा आला, १९६० साली महाराष्ट्रानं आपला केला. १९५८च्या कायद्यात स्मारकाची नासधूस केली तर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता. २०१० साली तो दोन वर्षं आणि एक लाखापर्यंत गेला. वाचताना मला माझं पोतं आठवलं. लोणच्याची बरणी एक लाखाला पडली असती.

पण कायद्याची एक अडचण आहे. भिंत राखणं त्याला जमतं, तोफ राखणं जमतं; पोकळी राखायची म्हणजे काय करायचं? पहारेकऱ्याला काय सांगायचं? "इथं काही नाही, त्याच्याकडं लक्ष ठेव"? याच जिल्ह्यात नळदुर्गला बघा. तिथं बोरी नदीलाच किल्ल्याच्या राखणीला लावलंय. नदीवर धरण, आणि १६१३ साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात त्या धरणाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा बसतो. रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि ते रास्तच आहे. पाणी दिसतं, ऐकू येतं, अंगावर उडतं. परांड्याच्या खंदकाशी कोण फोटो काढणार? 'मी आणि मागे काहीच नाही'?

माझी बदली जवळ आली तेव्हा गावात बोलवा उठली, की खंदकाभोवती कुंपण होणार. मी मावशींना आनंदानं सांगायला गेलो. खंदक सुरक्षित होणार म्हटल्यावर त्यांनाही बरं वाटेल असा माझा कॉमर्सचा हिशेब.

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चांगलंच हाय की. पर सायब, मंग शेळ्या कुठं न्यायच्या?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मावशी पुढं म्हणाल्या, "तटाच्या फटीत पिंपळ उगवतोय. हाताला येईल तेवढा ह्या खात्यात. त्येचा पगार मागत न्हाईत."

तेही खरं होतं. पिंपळाचं मूळ एकदा दगडात शिरलं, की मोगलांच्या सुरुंगापेक्षा सावकाश पण जास्त खात्रीनं काम करतं. आणि त्याची कोवळी पानं म्हणजे शेळीची बासुंदी. इतकी वर्षं त्या अकरा जणी, बँकेकडं तारण असलेल्या, खंदकाची निगा राखत होत्या आणि कुठल्याही रजिस्टरला त्यांची नोंद नव्हती. वारसा जपायचा म्हणून ज्यांना आधी बाहेर काढायचं, त्यांतलेच काही तो आजवर जपत आले होते. कुंपण नको असं मी म्हणत नाही. पोतंवाल्यांसाठी ते हवंच. मी स्वतः पोतंवाला आहे, मला माहीत आहे. पण कुंपणाला एक लहान फाटक असावं, आणि त्याची किल्ली कुणाकडं द्यायची हे ठरवताना आधी मावशींना विचारावं, असं मला वाटतं. कुंपणाचा निर्णय माझ्या हातात नव्हता. माझ्या हातात एक रिपोर्ट होता. शेवटच्या तपासणीत मी लिहिलं : 'कर्जाचे हप्ते नियमित. तारण सुस्थितीत. खंदकही.' या वेळी हेड ऑफिसनं खुलासा मागवला नाही. बहुधा वाचला नसावा.

निरोपाच्या दिवशी गुरुजी आले. मशीन चालू होतं, त्यामुळं त्यांना फार बोलता आलं नाही. मामांनी टेम्पोत सामान चढवलं. सगळ्यांत शेवटी माळ्यावरून ते पोतं आलं. फाटकी गादी, बरणी, रिंगा, लॅम्प आणि कॅलेंडरं. मामांनी ते ओळखलं. काही बोलले नाहीत, फक्त मिशीत हसले.

ते पोतं अजून आमच्या घरात आहे. आमच्या नव्या गावात कचऱ्याची गाडी रोज दारावर येते, घंटा वाजवते, आणि तरीही ते टाकायला माझा हात धजत नाही. परवा हिनं कंटाळून त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : 'संरक्षित स्मारक.'

खाली एक ओळ मी वाढवली. येथे भरणा स्वीकारला जात नाही.